सुप्रभाची बुटकी गाडी

टोकियोतल्या निशी-कसाईत, आपल्या लोकांच्या वस्तीत, मध्यंतरी एक बातमी जोरात होती. फुनाबोरीच्या सुप्रभाताई वडापावची गाडी काढतायत. बातमी साधीसुधी नव्हती, मेनूसकट होती. बटाटावडा, साबुदाणा वडा, शनिवार-रविवार मिसळ, आणि जपानी गिऱ्हाइकांसाठी कमी तिखटाचा वेगळा घाणा. गाडी घरीच बांधतायत म्हणे, खालच्या गाळ्यात, शटर ओढून, कारण परवानगी यायची आहे. भिशीतल्या विद्याने तर गणपतीच्या पाचव्या दिवसाची वड्यांची ऑर्डरही फोनवर देऊन टाकली आणि वर, "लसणाची चटणी वेगळ्या डब्यात हं, सुप्रभाताई," असं बजावूनही ठेवलं.

सुप्रभाने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "विद्या, घरातल्या तिघांचे वडे तळायचा मला कंटाळा येतो गं."

खरी गोष्ट अशी की गाडी होती, शटरही होतं, वडे तेवढे नव्हते. शटरच्या आत साठच्या दशकातला एक लहानखुरा जपानी पिकअप ट्रक होता आणि सुप्रभा त्याचा हॉट रॉड करत होती. हॉट रॉड म्हणजे काय, हे भिशीत तिने एकदाच समजावून सांगितलं. जुनी गाडी घ्यायची. तिच्या अंगावरचं जास्तीचं सगळं उतरवायचं. छत कापून बुटकं करायचं, पोट रस्त्याला लागेल इतकं खाली आणायचं, मूळचं इंजिन काढून दांडगं बसवायचं. "आणि मग?" असं कोणीतरी विचारलं. "मग चालवायची," सुप्रभा म्हणाली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि पोहे वाढून घेतले. वडापावची बातमी मरेना याचं कारण हेच, की तिला अर्थ होता.

सुप्रभा मूळची कराडची, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेली. भोसरीच्या एका कारखान्यात दोनेक वर्षं गिअरचे दाते तपासत होती. मग लग्न, मग रुचा, मग नंदकिशोरची जपानची पोस्टिंग. "दोनच वर्षं" असं सांगून तिला आणलं. जपानला येणाऱ्या प्रत्येकाला कंपनी दोनच वर्षं सांगते आणि प्रत्येक जण पुण्याच्या फ्लॅटचा टीव्ही चादर घालून झाकून येतो. नंदकिशोरच्या टीव्हीवरची चादर तीन वेळा बदलून झाली.

तिच्या व्हिसावर आठवड्याचे मोजके तास काम करायची मुभा होती. ते तास तिने ओबेन्तोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात घातले. पांढरी टोपी, पांढरा मास्क, पांढरे गमबूट. सरकत्या पट्ट्यावरून जेवणाचा डबा समोर आला की भाताच्या बरोबर मध्यावर एक खारवलेला लाल उमे, आलुबुखारासारखं आंबट फळ, ठेवायचा. डबा पुढे. दुसरा डबा. खोली फ्रीजसारखी गार, पायाखाली ओलं. दुपारी घरी येऊन ती तासभर नुसती बसे, हातात चहा घेऊन. चहाही तिच्यासारखाच गार होत जाई. "दमलीस का?" नंदकिशोर संध्याकाळी विचारायचा. "दमायला मी केलंय काय?" असं ती म्हणायची. हे उत्तर देतादेताच ती अर्धी दमायची.

घर होतं फुनाबोरीच्या आतल्या गल्लीत, जुनं, लाकडी, दोन मजली. वर राहायचं, खाली पत्राकामाचा बंद पडलेला गाळा. गाळा घरमालकीण ओकुबो-सान यांच्या दिवंगत यजमानांचा. त्यात एका भिंतीला लोखंडी साच्यांची मांडणी आणि मधोमध विटांवर चढवून ठेवलेला हा पिकअप, यजमानांच्या माल पोचवायच्या कामाचा. सुप्रभा तिथे फक्त सायकल ठेवायला जायची.

अकरा सालच्या मार्चमध्ये भूकंप झाला, तेव्हा ती मांडणी साच्यांसकट पिकअपच्या टपावर आडवी झाली. सगळ्यांसारखे हे तिघंही आठवडाभराने पुण्याला गेले, एप्रिलच्या शेवटी परतले. आले तर गाळ्याचं शटर उघडं. ओकुबो-सान डोक्याला फडकं बांधून काचा झाडत होत्या. गाडीचं छत वीतभर आत बसलं होतं. सीटमध्ये इतक्या काचा घुसल्या होत्या, की ती उचलून बाहेर टाकून दिली होती.

"पुढच्या आठवड्यात भंगारवाला येतोय," ओकुबो-सान म्हणाल्या.

"मला द्या," सुप्रभा म्हणाली.

नंदकिशोर बॅगा घेऊन जिन्यावर होता, तो तिथेच थांबला. तीन वर्षांत तिने जपानीत स्वतःहून काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. दुकानात वांगीसुद्धा ती बोटाने दाखवायची.

"कशाला?" ओकुबो-साननी विचारलं.

याचं उत्तर तिला जपानीत येत नव्हतं. मराठीतही येत नव्हतं, पण तो दोष भाषेवर ढकलता आला. ओकुबो-साननी हातातली केरसुणी तिच्या हातात दिली. व्यवहार तेवढाच.

आदल्या हिवाळ्यात योकोहामाच्या बंदरावर फिरायला गेले असताना तिने अशा गाड्या पाहिल्या होत्या. केसांना तेल चोपडून मागे वळवलेले म्हातारे आपापल्या बुटक्या गाड्यांशेजारी घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. नंदकिशोर आणि रुचाचं आइस्क्रीम खाऊन संपलं, दुसरं खाऊन संपलं, तरी ही एका गाडीच्या चाकाशी उकिडवी बसून खालून वर बघत होती. त्यामुळे चेपलेलं छत ठोकून वर काढायचं की चेपलं तेवढं कापून टाकायचं, हा प्रश्न तिला फार वेळ पडला नाही. भूकंपाने अर्धं काम करून ठेवलं आहे, असं ती म्हणाली. नंदकिशोर म्हणाला, "तू म्हणशील तसं." तो सगळ्यालाच तसं म्हणायचा. नवरा म्हणून ही सोय होती, गैरसोयही.

ग्राइंडर पहिल्यांदा चालवायच्या आधी तिने आजूबाजूच्या घरी चकल्यांचे डबे नेऊन दिले, कमरेत वाकून. आवाज होईल, माफ करा. इथली रीतच आहे ती. ठिणगी उडायच्या आधी माफी मागून ठेवायची. संध्याकाळी पाचला वॉर्डाच्या भोंग्यावर मुलांना घरी बोलावणारी धून वाजते. ती वाजली की ग्राइंडर बंद, मग अर्धा कट राहिला तरी राहिला. चकल्या आवडल्या असाव्यात, कारण कोणाची तक्रार आली नाही. पलीकडचे आजोबा तर ग्राइंडर आठवडाभर गप्प राहिला की काठी टेकत विचारायला यायचे, बरं नाही का म्हणून.

छत कापायच्या आधी माप घ्यायचं होतं. आणि इथे ती गोष्ट घडली, जी कराडच्या बाईच्याच हातून घडू शकते. गाडीत सीट नव्हती, उघडा गार पत्रा होता. त्यावर बसून काम करता येईना म्हणून तिने वरून पाट आणला. पूजेचा, शिसवी, आईने दिलेला. पाटावर मांडी घालून ती आत बसली, पाठ ताठ केली, आणि रुचाला म्हणाली, "डोक्यापासून वर चार बोटं सोड आणि खूण कर."

रुचा तेव्हा सहावीत होती. तिने खूण केली आणि जपानीत, जिथे आईला मामा म्हणतात, विचारलं, "मामा, गाडीत मांडी घालून बसतात का?"

"पाय पुढे पसरले तरी डोकं तिथेच राहतं," सुप्रभा म्हणाली. हे शास्त्रशुद्ध होतं. छत खुणेबरहुकूम कापलं गेलं.

कापलेल्या पत्र्याची पट्टी तिने गुरुवारच्या न जळणाऱ्या कचऱ्यात ठेवली. ती नियमात बसत नसल्याची चिठ्ठी चिकटवून परत आली. तिने पट्टीचे दोन तुकडे केले. दोन चिठ्ठ्या आल्या. शेवटी ओकुबो-साननीच ती आपल्या सायकलच्या टोपलीत उभी खोचली आणि भंगारवाल्याकडे पोचवली. फुनाबोरीच्या पुलावरून सत्तरीची बाई टोपलीत ट्रकचं कपाळ घालून चालली आहे, हे दृश्य पाहणारे पाहतच राहिले.

मग वर्षं गेली. कशी गेली हे सांगायला बसलं तर त्यात सांगण्यासारखं फार नाही आणि दमवणारं तेच आहे. छताच्या सांध्याला वेल्डिंग केलं. उन्हाळ्यात पत्रा फुगला, सांधा उकलला, पुन्हा केलं. सासूबाई आजारी पडल्या, सुप्रभा पाच महिने कोल्हापूरला होती. परत आली तोवर उघड्या पत्र्यावर गंज चढला होता, तो घासण्यात पावसाळा संपला. रुचाच्या हायस्कूलच्या परीक्षेच्या वर्षी शटर उघडलंच नाही. एका भंगारातल्या सेडानचं इंजिन मिळालं, ते बसायला केबिनपुढची पत्र्याची भिंत कापावी लागली. भिंत कापली तर गिअरचा दांडा तिच्या मांडीवर यायला लागला. करोनात ओबेन्तोचा कारखाना बंद झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हिला वेळच वेळ. त्या वर्षी तिने गाडीला हात लावला नाही. दुपारी गाळ्यात जायची, पाटावर बसायची, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून भिंतीकडे बघायची. मग पाचची धून वाजली की वर येऊन कुकर लावायची.

"बंद का करत नाहीस मग?" विद्याने एकदा सरळ विचारलं. विद्या चुगलखोर असली तरी जीव लावणारी.

"बंद करायचं म्हणजेही काम आहे," सुप्रभा म्हणाली. "सगळं उचलून ठेवावं लागेल."

चोवीसच्या नव्या वर्षात ओकुबो-सान मोची नावाच्या तांदळाच्या मिठाईचं खोकं घेऊन वर आल्या. बसल्या, चहा घेतला, हवेबद्दल बोलल्या. जपानी माणूस हवेबद्दल इतका वेळ बोलायला लागला की पुढे काहीतरी वाईट आहे असं समजावं. मग त्यांनी सांगितलं. घर जुन्या नियमांचं आहे, मोठ्या धक्क्यात टिकणार नाही, मुलगा ऐकत नाही. जुलैत पाडायचं. माफ करा.

घर मिळालं, निशी-कसाईच्या एका मोठ्या वसाहतीत, सातव्या मजल्यावर. खाली गाडीसाठी भाड्याची जागा. तिची लांबी-रुंदी टेपने मोजून, नकाशा काढून, पोलीस चौकीत देऊन दाखला आणण्याचं काम नंदकिशोरने दोन वेळा रजा टाकून केलं. त्यात तो पक्का. पण त्या जागेत गाडी उभी करायची तर तिला नंबर हवा आणि नंबरासाठी शाकेन, म्हणजे सरकारी तपासणी, पास व्हायला हवी. छत कापलेलं, इंजिन बदललेलं, त्यामुळे कागदावर ती गाडी नव्याने जन्माला यायची होती. नाही आली, तर जुलैत घराबरोबर भंगारात. तिसरा मार्ग नव्हता. जपानात बिननंबरी गाडी ठेवायला कोणी कोपरा देत नाही.

सुप्रभा पुन्हा गाळ्यात उतरली. पन्नाशी आली होती, उजवं मनगट पट्ट्यात होतं. तिने सीट बनवली. पाय नसलेली, जमिनीवर ठेवायची जपानी खुर्ची असते, तिची पाठ घेतली, खाली लोखंडी चौकट, वर दोन बोटं फोम. पाटाच्या उंचीची. ती बसली आणि पाय पुढे पसरले. डोक्यावर चार बोटं मोकळी. दिवे, वायपर, ब्रेकचे पाइप, सगळं एकेक करून लागलं. मे महिन्यात इंजिन पहिल्या किल्लीत सुरू झालं, पलीकडचे आजोबा काठीसकट बाहेर आले, आणि ओकुबो-साननी यजमानांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली.

रविवारी सकाळी नंदकिशोर गाडी बाहेर काढणार होता. लायसन्स त्याचं होतं. सुप्रभाकडे पुण्याचं होतं, पण ते इथलं करून घ्यायला इथल्या मैदानावर परीक्षा द्यावी लागते. ती तिने पूर्वी एकदा दिली होती, पहिल्या वळणावरच नापास होऊन आली होती आणि नंतर बघू म्हणून राहिलं होतं. विद्या नारळ घेऊन आली होती.

नंदकिशोर अंगाने किडकिडीत, पण उंचीला पाच फूट अकरा इंच. त्याने दार उघडलं, एक पाय घातला, मग डोकं घातलं, मग जरा थांबून विचार केला आणि डोकं काढून दुसरा पाय घातला. शेवटी सगळा आत गेला तेव्हा त्याचा कान छताला लागला होता, हनुवटी छातीवर आणि गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आलेले.

"दिसतंय का?" विद्याने विचारलं.

"दिसतंय की," आतून आवाज आला. "माझी पँट दिसतेय."

"जरा खाली सरका ना."

"खाली मी संपलो."

बाहेर येणं त्याहून अवघड निघालं. ओकुबो-साननी एक पाय धरला, विद्याने दुसरा, नारळ तेवढ्यात घरंगळत गटाराकडे गेला. नंदकिशोर बाहेर येऊन उभा राहिला, मान चोळत. इतकी वर्षं सुप्रभाने डोळे मिटले की ती गाडी रस्त्यावर दिसायची, आणि आतून दिसायची. हात स्टिअरिंगवर, तिचेच. लायसन्सचं, तपासणीचं असं कागदोपत्री काही आलं की मात्र ते नंदकिशोरच्या खात्यात. हे दोन एकत्र कधी आलेच नव्हते. ती पायरीवर बसली.

विद्याला गप्प बसवेना. "अगं, त्यात काय? आमचे हे आहेत ना. पाच फूट दोन. फिट बसतील. नेऊन आणतील तुझी गाडी."

बाकीही मार्ग निघाले. गॅरेजचा कोणी बुटका मेकॅनिक बघता येईल. ओकुबो-सान तर मापाच्याच होत्या, पण वय झालं म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वी लायसन्स आपणहून पोलिसांना परत केलं होतं आणि त्याबद्दल मिळालेल्या सवलतीत रोज बसने फिरत होत्या.

"दुसरं कोणी नेणार असेल," सुप्रभा पायरीवरूनच म्हणाली, "तर भंगारात जाऊ दे."

"अशी काय करतेस?"

"पहिल्यांदा रस्त्यावर मीच नेणार. नाहीतर नको."

जुलैला सहा-सात आठवडे होते. सोमवारी तिने परीक्षेची तारीख घेतली.

परीक्षेचं मैदान म्हणजे खोटं शहर. खोटे सिग्नल, खोटे चौक, खोटं रेल्वे फाटक, आणि शेजारी बसलेला खराखुरा परीक्षक. सुप्रभा नीट चालली होती. मग भिंतीआडचं एक वळण आलं, समोरचं दिसेना, आणि तिच्या हाताने भोसरी-पुणे रस्त्यावर केलं असतं तेच केलं. हॉर्न वाजवला.

परीक्षकाने पेन खाली ठेवलं. "कोणाला वाजवलात?"

"येणाऱ्याला."

"कोण येत होतं?"

"आलं असतं तर."

परीक्षकाने बाहेरच्या रिकाम्या मैदानाकडे बघितलं. इथे हॉर्न पाटी असेल तिथेच वाजवायचा असतो आणि तिथे पाटी नव्हती. शिवाय डावीकडे वळताना खांद्यावरून मागे न बघितल्याचे गुण गेलेच होते. नापास.

मग तिने मान वळवायचा सराव सुरू केला. सायकलवरून, भाजी आणताना. प्रत्येक कोपऱ्यावर आरसा नसताना आरशात बघायची, मग डाव्या खांद्यावरून मागे, मग वळायची. आठवड्याभरात निशी-कसाईत नवी बातमी आली की सुप्रभाताईंच्या मागावर कोणीतरी आहे, बहुतेक ओबेन्तोच्या कारखान्यातला. रुचा आता नोकरीला लागलेली. तिने फोनवर इंग्रजीत विचारलं, "आई, आर यू सेफ?"

"डावीकडून सेफ आहे," सुप्रभा म्हणाली. "उजवीकडचं अजून पक्कं नाही."

दुसऱ्या खेपेला ती फाटकापाशी थांबायला विसरली नाही, खिडकी खाली करून कान देऊन ऐकलं, हॉर्नवरचा हात मांडीखाली दाबल्यासारखा दूर ठेवला, आणि शेवटच्या वळणावर चाक कडेच्या दगडावर चढलं. तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी घराचं सामान खोक्यांत भरून झालं होतं. सकाळी ती पाठ धरूनच उठली. मैदानावर तिचा नंबर शेवटचा लागला. गाडी थांबवून तिने ब्रेक ओढला तेव्हा परीक्षक जरा वेळ लिहीत राहिला आणि म्हणाला, "फार बघता तुम्ही. पण चालेल."

आनंद व्हायला हवा होता. तो होईल म्हणून ती जरा थांबली. मग कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातून, एक ओनिगिरी, भाताचा मुटका, घेतली, ट्रेनमध्ये बसली, आणि इतकी गाढ झोपली की फुनाबोरी मागे टाकून शेवटच्या स्टेशनवर सफाईवाल्याने उठवलं.

जूनच्या शेवटी वॉर्ड ऑफिसातून तपासणीपुरती लाल तिरक्या पट्टीची तात्पुरती नंबर प्लेट मिळाली. सकाळी शटर वर गेलं. सुप्रभा मागे टेकून, पाय पसरून आत बसली. आरसा बघितला, डावा खांदा, उजवा खांदा, आणि गाडी उंबऱ्यावरून हळूच रस्त्यावर उतरली. ओकुबो-सान वाकून उभ्या होत्या आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. सिग्नलला शेजारच्या बसमधल्या लोकांना खाली वाकून बघावं लागलं की आत कोणी आहे का. होती. घामाने चिंब, दात घट्ट आवळून, ताशी तीसने. दोन तासांचा तो रस्ता तिला पुढे कधी नीट आठवला नाही, फक्त पायांखाली इंजिनाची धग आठवली आणि गाडी कुठेच बंद पडली नाही एवढं.

नंदकिशोर ट्रेनने गेला, दोन गाड्या बदलून आणि पुढे बसने, हातात डबा घेऊन. तो पोचला तेव्हा गाडी तपासणीच्या रांगेतून एकदा बाहेर आली होती. ब्रेक पास, धूर पास, खालून हातोडीने ठोकून बघितलेलं सगळं पास, पण पुढचे दिवे जमिनीकडे बघतात म्हणून परत पाठवलं होतं. समोरच्या दुकानात दिवे सरळ करून घेतले, पुन्हा रांगेत. या वेळी अधिकाऱ्याने टपाचं माप घेतलं, चालकाला मापलं, पुन्हा टपाचं माप घेतलं. मग शिक्का मारला.

दोघं आवारातल्या कठड्यावर बसून पोळी-भाजी खात होते. समोर गाडी, तिला आदाची विभागाची कोरी नंबर प्लेट. मागच्या प्लेटवर अधिकाऱ्याने स्वतः सील ठोकलं होतं, पुढची सुप्रभाने लावली होती, दोन स्क्रू, मनगटाच्या पट्ट्यासकट. आजूबाजूला लोक फोटो काढत होते. तिला मात्र फक्त बूट काढावेसे वाटत होते. तिने काढले.

नंदकिशोरने डब्याचं झाकण लावलं. मे महिन्यातल्या त्या रविवारपासून त्याच्या मनात जे होतं ते त्याने आता काढलं.

"सुप्रभा, एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा."

"मी तर वरच राहत होतो. इतकी वर्षं. तुला गाडी बांधताना एकदाही माझं माप आठवलं नाही?"

सुप्रभाने पायाची बोटं उघडली, मिटली. मग म्हणाली, "अहो, तेरा वर्षं तुम्ही जिन्यातून डोकावून 'झाली का' विचारत होतात. एकदा खाली येऊन आत बसला असतात, तर तुमच्या मापाची झाली असती."